नात्याचा रकाना

तुम्ही एका ब्याऐंशी वर्षांच्या बाईला सतरा वर्षांची ठरवलंत आणि कुणालाही न विचारता तिचं पान बंद केलंत. हे ज्याने ठरवलं तो माणूस असेल, तर त्याचं नाव कळलं पाहिजे. यंत्र असेल, तर ते ज्याने बसवलं त्याचं नाव कळलं पाहिजे. ती बाई चित्रातली आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे, उगाच समजावत बसू नका. जपानातल्या ओगाकी गावातल्या एका म्हाताऱ्या माणसाने तिला एक गोष्ट विचारली होती आणि ती सोमवारी उत्तर देणार होती. तुम्ही रविवारीच कुलूप लावलंत. तुमच्या तक्रार-अर्जात दोनशेच अक्षरं मावतात, म्हणून बाकीचं इथे.

म्हातारे गृहस्थ म्हणजे हिसानोबु कुनिएदा. वय चौऱ्याऐंशी. ओगाकीच्या नगरपालिकेत कुटुंब-नोंदणीच्या खिडकीमागे अडतीस वर्षं बसले. गावात जन्मलेलं, मेलेलं, लग्न केलेलं, काडीमोड घेतलेलं प्रत्येक माणूस कागदावर त्यांच्या हाताखालून गेलं. बोलण्याच्या बाबतीत मात्र कंजूष. "अं" हा एकच उच्चार ते चार तऱ्हांनी करत आणि घरातल्यांनी त्यातून काय ते समजून घ्यायचं. बायको फुजिए सहा वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून तो "अं" समजून घ्यायला मुलगी तामाओ एकटीच उरली.

तामाओ शेहेचाळीसची. लग्न केलेलं नाही. घरापासून सायकलवर दहा मिनिटांवर कवळ्या बनवण्याचा कारखाना आहे, तिथे ती मेणात दात बसवते. साडेबाराला घरी येते, बापाला जेवायला वाढते, दीडला परत जाते. आणि गेली वीस वर्षं ती गोष्टींचे खेळ खेळते. पडद्यावर चित्र, खाली मजकुराची पट्टी, क्लिक केलं की पुढचं वाक्य. मधेच दोन-तीन पर्याय येतात: हे बोला, ते बोला, गप्प बसा. तुम्ही जे निवडाल तशी गोष्ट वळते आणि समोरचं माणूस जवळ येतं किंवा लांब जातं. मोठ्या कंपन्यांच्या गुळगुळीत खेळांत तिचं मन रमत नाही. तिला एकट्या माणसाने नोकरी सांभाळून बनवलेले आवडतात. मागची चित्रं म्हणजे बनवणाऱ्याच्याच गल्लीचे फोटो रंगवलेले, मजकुरात चुका, आणि शेवटी आभारांच्या यादीत मांजराचं नाव.

"तीनची गाडी" हा असाच खेळ. तुमच्याच इंटरनेटवरच्या दुकानात, तुमच्याच पानावर चालणारा. म्हाताऱ्या लोकांना दिवसभर सांभाळणारं एक केंद्र असतं ना, सकाळी गाडी घरून नेते, तीनला परत सोडते, त्या केंद्रात आपण नव्याने जायला लागलोय अशी गोष्ट. जीव जडवायला पाच माणसं, तीन बायका आणि दोन पुरुष, आणि त्यांतलं सगळ्यांत लहान एकाहत्तरचं. बनवणारीने नाव घेतलंय हिरुआन्दोन, म्हणजे भर दिवसा लावून ठेवलेला कंदील, आमच्याकडे निरुपयोगी माणसाला म्हणतात तसं. ती हिमी गावात अशाच केंद्रात म्हाताऱ्यांना आंघोळी घालते. खेळाचा नियम असा की तो खऱ्या घड्याळाप्रमाणे चालतो. सकाळी दहा ते दुपारी तीन, दिवसाला एक भेट, रविवारी केंद्र बंद. घाई असलेल्यांनी दुसरीकडे जावं.

प्रत्येक माणसाचं केंद्राच्या फायलीत असतं तसं कार्ड आहे. नाव, रक्तदाब, घास बारीक करून द्यायचा की नाही, जन्म. सुगितानि मिने यांच्या कार्डावर लिहिलं होतं: एस १७.३.९.

तुमच्यासाठी सांगायला हवं. आमच्याकडे जन्मसाल सम्राटाच्या कारकिर्दीवरून लिहितात. एस म्हणजे शोवा. शोवा सतरा म्हणजे तुमचं एकोणीसशे बेचाळीस. पोस्टात, दवाखान्यात, वीज-कंपनीत, कुठल्याही अर्जावर ती अक्षरं आधीच छापलेली असतात, आपण आपल्यावर गोल करायचा. ज्या देशात तुम्ही दुकान थाटलंत, त्या देशातली पोरंसुद्धा हे वाचतात.

नोव्हेंबरात एका दुपारी तामाओ कोतात्सूच्या, म्हणजे खाली शेगडी असलेल्या बुटक्या टेबलाच्या, रजईत पाय घालून, लॅपटॉप वर ठेवून हे कार्ड बघत होती. बाप मागे उभा आहे हे तिला कळलंच नाही.

"घोड्याचं वर्ष," मागून आवाज आला.

"काय?"

"शोवा सतरा. घोडा. माझ्याहून दोन वर्षांनी लहान."

वीस वर्षांत बापाने तिच्या खेळाकडे पहिल्यांदा बघितलं होतं. एरवी ते "बाहुल्यांशी बोलून झालं का" एवढंच विचारत, तेही जेवण लागलं नसेल तर.

"कार्ड कुणी भरलंय?" ते वाकून वाचायला लागले. "नात्याचा रकाना मोकळा ठेवलाय. अडचणीच्या वेळी कळवायचं कुणाला?"

"बाबा, खेळ आहे तो."

"अं."

तामाओने पुढे क्लिक केलं. खिडकीपाशी मिने-सान, म्हणजे मिनेबाई, बसल्या होत्या. करड्या लोकरीचं जाकीट, केस आखूड, हसताना तोंडावर हात. तो हात तामाओला पहिल्या दिवशीच आवडला होता, कारण खालची कवळी सैल असलेली माणसं नेमकी असंच करतात आणि चित्र काढणारीला ते माहीत होतं. खाली पट्टीवर वाक्य आलं: चहा गार झाला. मग तीन पर्याय. दुसरा आणून देतो. मलाही गारच आवडतो. काही न बोलणं. तामाओने बाण पहिल्यावर नेला.

"थांब."

"का?"

"ती चहा मागत नाहीये."

"गार झाला म्हणतेय ना?"

"गार झाला असं सांगतेय."

"तेच तर."

"ते नव्हे."

"मग काय बोलायचं म्हणता?"

"काही नाही. सरक जरा."

आणि त्यांनी माउस हातात घेतला. काही न बोलणं. मिने-सान खिडकीबाहेर बघत राहिल्या, तीनची गाडी आली, दिवस संपला. तामाओला हसू आलं. पहिल्याच भेटीत तोंड शिवून बसणारा माणूस अशा खेळात फुकट जातो, हे तिला वीस वर्षांच्या अनुभवाने ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी ती दुपारी घरी आली तर बाप लॅपटॉपसमोर बसून होता, चष्मा पुसून, कपाळाला आठ्या.

"हा उघडत नाहीये."

"तुम्ही माझ्या खात्यातून बाहेर पडलात, बाबा. थांबा, तुमच्या नावाने नवीन करून देते."

करून दिलं. मग सांगायला लागली, "हे बघा, पर्याय आला की आधी इथे सेव्ह करायचं. चुकलं तर मागे येता येतं."

"मागे येऊन काय करायचं?"

"दुसरं बोलायचं."

"आणि आधी बोललेलं?"

"ते नाहीसं होतं."

"नाहीसं कसं होईल? तिने ऐकलंय ते."

तामाओने वाद घातला नाही. या माणसाने आयुष्यभर नोंदवहीत एक अक्षर खोडरबराने पुसलं नव्हतं. चुकलं तर वर दोन रेघा ओढायच्या, समासात लिहायचं "तीन अक्षरं रद्द", आणि आपला शिक्का मारायचा, म्हणजे कुणाची चूक होती ते शंभर वर्षांनीही कळावं. असा माणूस मागे जाणार नाही. ती स्वतः प्रत्येक पर्यायाआधी सेव्ह करते, सगळ्या वाटा चालून बघते, इतर खेळांत तर एका संध्याकाळी चार जणांशी संसार थाटते आणि मोडते. बापाची एकच वाट होती, आणि ती तुमच्या यंत्रात, तुमच्या भरवशावर साठत होती. हे ध्यानात ठेवा.

तेव्हापासून जेवण झालं की एक भेट. तामाओ शेजारी बसून संत्री सोलायची. हिसानोबु वहीत तारीख लिहायचे, मिने-सान काय म्हणाल्या ते लिहायचे आणि समोर आपलं: काही बोललो नाही. काही बोललो नाही. काही बोललो नाही.

"बाबा, असं केलंत तर वाट बंद होईल हो. मनातले गुण कमी होतात गप्प राहिलं की."

"कुणाच्या मनातले?"

"मिने-सानच्या."

"तुला काय माहीत तिच्या मनातलं?"

"मी त्यांची वाट तीनदा पूर्ण केलीय."

"तीनदा," बाप म्हणाला, जणू तिने तिसऱ्यांदा काडीमोडाचा अर्ज आणला होता.

कारखान्यात हागा-सान नावाची बाई तामाओच्या शेजारच्या टेबलावर बसते. तिला यातलं थोडं कळलं होतं, म्हणजे पुरेसं कळलं होतं.

"काय गं, नवी आई काय म्हणतेय?"

"चहा गार झाला म्हणतेय."

"अजून? महिना झाला की."

"बाबा काही बोलतच नाहीत."

"माझा नवरा बोलतो. बदलून घेतेस?"

एकतिसाव्या भेटीला तामाओने सोललेलं संत्रं तसंच हातात धरलं. मिने-सान बोलायला लागल्या. पर्याय नाही, काही नाही, नुसत्या बोलत गेल्या. मोठ्या भावाबद्दल, गिरणीतल्या नोकरीबद्दल, नवरा कसा तिचं वाक्य स्वतःच पुरं करून टाकायचा त्याबद्दल. बारा मिनिटं. तामाओने हा प्रसंग पाहिलाच नव्हता. तीन वेळा वाट पूर्ण करूनही नाही, कारण ती दर वेळी काहीतरी चांगलं बोलत होती. खेळणाऱ्यांच्या चर्चेत शोधलं, तिथेही कुणाला माहीत नव्हतं. तीस वेळा ओळीने गप्प बसणारा खेळाडू बनवणारीने बहुधा मनात धरला होता आणि तो कधी येईल याची खात्री तिलाही नसावी.

शेवटी मिने-सान म्हणाल्या, "तुम्ही ऐकता. बरं वाटतं."

हिसानोबुंनी वहीत लिहिलं. मग पडद्याकडे बघून म्हणाले, "अं." तो पाचव्या तऱ्हेचा होता, तामाओने आधी ऐकलेला नव्हता.

पुढे ते बोलायला लागले. रोज नाही, पण लागले. पर्याय वाचायला दहा-दहा मिनिटं घ्यायचे. जानेवारीत केंद्र नव्या वर्षाच्या सुट्टीसाठी पाच दिवस बंद राहिलं, तर त्या पाच दिवसांत त्यांनी तिन्ही जेवणांची वेळ चुकवली आणि कोतात्सूतल्या कोतात्सूत जागा बदलत राहिले.

फेब्रुवारीतला तिसरा शनिवार, एकोणऐंशीवी भेट. तामाओला शनिवारी अर्धा दिवस असतो, त्यामुळे ती घरीच होती. मिने-सान चहाचा कप खाली ठेवून गप्प झाल्या आणि पडद्यावर पर्यायांच्या जागी एक मोकळी चौकट उघडली. वर लिहिलेलं: तुमच्या शब्दांत. वीस अक्षरं.

आमच्याकडे हे असंच असतं. एकत्र फिरलं, खाल्लं, हसलं म्हणून काही ठरत नाही. एकाने समोर उभं राहून स्पष्ट विचारायचं आणि दुसऱ्याने स्पष्ट सांगायचं. शाळेतली पोरंसुद्धा जिन्याखाली घामाघूम होऊन तेवढं एक वाक्य म्हणतात. हिसानोबुंच्या पिढीतल्या पुष्कळांनी ते कधीच म्हटलेलं नाही. त्यांची लग्नं मध्यस्थांनी जमवली.

"तोंड तिकडे कर," बाप म्हणाला.

"मी?"

"दुसरं कोण आहे इथे?"

तामाओने भिंतीकडे तोंड केलं. एका बोटाने कळा दाबल्याचा आवाज, मग थांबणं, मग पुन्हा. बराच वेळ गेला. वळून बघितलं तेव्हा चौकट मिटलेली होती आणि मिने-सान तोंडावर हात न धरता हसत होत्या.

"आज शनिवार," पट्टीवर वाक्य आलं. "असं घाईत सांगायचं नसतं. सोमवारी या. सोमवारी सांगते."

तीनची गाडी आली.

"काय लिहिलंत, बाबा?"

"तिला विचारलं, तुला नाही."

रविवारी त्यांनी न्हाव्याकडे जाऊन केस कापून घेतले. सोमवारी सकाळी ते दहाला पाच मिनिटं कमी असताना बसले. तामाओ कामावर होती. साडेबाराला ती आली तर ते तसेच बसलेले आणि पडद्यावर तुमचं वाक्य. हे पान आता उपलब्ध नाही.

"मी काही दाबलं नाही," ते म्हणाले. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस, काच फोडल्याचा आळ आल्यासारखा.

"तुम्ही काही नाही केलंत."

"सोमवारच आहे ना आज?"

"सोमवारच आहे."

तामाओने हिरुआन्दोनला निरोप पाठवला. ही बनवणारी कधी दोन ओळींच्या वर लिहीत नाही, पण त्या दिवशी तिने पानभर लिहिलं. तुमची सूचना तिला रविवारी आली होती. "प्रेमप्रसंगात सतरा वर्षांचे पात्र." तिने ती पाच वेळा वाचली आणि मग कळलं की कार्डावरचा आकडा तुम्ही वय म्हणून वाचलाय. केंद्रातल्या फायलींत लिहितात तसं तिने लिहिलं होतं. तिने अर्ज केला. तुम्ही उत्तर दिलंत: पात्राचं वय सिद्ध करणारा सरकारी दाखला जोडा. चित्राचा दाखला. ती म्हणाली, मी हसले, मग एका आजींना आंघोळ घालायची होती म्हणून गेले, आणि आंघोळ घालता घालता मला रडू फुटलं, त्या आजी शोवा सोळाच्या आहेत.

आणि एक गोष्ट उघड बोलायला हवी. तुमच्या त्याच दुकानात शाळेचा गणवेश घातलेल्या, पाठीवर दप्तर असलेल्या पोरींचे शेकडो खेळ राजरोस चालू आहेत. पहिल्या पानावर एक ओळ असते, सर्व पात्रं अठराच्या वर आहेत, आणि तुमचं समाधान होतं. तिथे तुम्ही दाखला मागत नाही. सैल कवळीची, गुडघेदुखीची, गिरणीतून निवृत्त झालेली बाई तेवढी तुमच्या नजरेत भरली. तुम्ही मुलांना जपत नाही आहात. तुम्ही आकडे वेचताय.

तुमच्या सूचनेत खाली बारीक अक्षरांत अजून एक होतं. काढलेल्या खेळांच्या खेळाडूंच्या नोंदी तीस दिवसांनी कायमच्या पुसल्या जातील.

दोन दिवसांनी हिरुआन्दोनचा पुन्हा निरोप आला. तामाओने तो बापाला वाचून दाखवला.

"ती म्हणतेय, मूळ खेळ तिच्याकडे आहे, तो पाठवू शकते. पण तुमच्या भेटी त्यात नसतील. पहिल्या दिवसापासून सुरू करावं लागेल."

"मग मिने-सान मला ओळखणार नाहीत."

"नाही. पण ती म्हणतेय, तुम्ही आत्तापर्यंत काय काय निवडलंत ते वहीत आहे, ते तिला पाठवलंत तर ती बघून सांगेल, मिने-सान काय उत्तर देणार होत्या. लगेच सांगेल म्हणते."

बापाने चष्मा काढला, पुन्हा घातला.

"नको."

"का नको? उत्तरच हवंय ना?"

"सायकलच्या दुकानातला मोरिशिता आठवतो तुला?"

"तुमच्या लग्नातला मध्यस्थ?"

"तो सायकलवरून जात होता. मी नगरपालिकेच्या दाराशी उभा होतो. त्याने न थांबताच ओरडून सांगितलं, कुनिएदा, हो म्हणालेत रे. आणि पुढे गेला. चेन कुरकुरत होती त्याची. म्हणालेत. कोण म्हणालेत? तिचा बाप म्हणाला असेल. काका म्हणाला असेल. फुजिएच्या तोंडून हो मी कधी ऐकलंच नाही."

"चोपन्न वर्षं राहिली की आई तुमच्याबरोबर."

"राहिली. मी विचारलं नव्हतं ना."

तामाओ संत्रं सोलत राहिली. सालाचे तुकडे फार बारीक होत होते.

"एकदा तसं झालंय," बाप म्हणाला. "या वेळी मध्यस्थ नको. त्या बाईला माझा नमस्कार कळव, ती चांगलं काम करते. पण जिला विचारलंय ती सांगेल."

मग अर्ज. तुमच्या पानावर खेळाडूंसाठी अर्ज नाहीच, शोधून शोधून तामाओला एक सापडला, "इतर तक्रारी" मध्ये तळाशी. तिने सुचवलं, हिरुआन्दोनकडून मिने-सानचं म्हातारपणीच्या विम्याचं कार्ड काढून घेऊ, हुबेहूब काढेल ती, जोडून देऊ. यंत्राला काय कळतंय.

"जिची नोंद नाही, तिचा दाखला देता येत नाही," बाप म्हणाला. "खोटे दाखले ओळखायला पगार घ्यायचो मी."

त्यांनी आधी कागदावर कच्चा खर्डा केला, मग तामाओकडून टाइप करून घेतला. दोनशे अक्षरांत बसवायला दीड दिवस लागला. तुमच्याकडे तो आहे, तरी इथेही दिला आहे: "एस म्हणजे शोवा. शोवा सतरा म्हणजे १९४२. सदर व्यक्ती आजच्या तारखेला ब्याऐंशी वर्षांची आहे. मी स्वतः एस १५. तुमच्या वाचनाप्रमाणे मी पंधरा वर्षांचा ठरतो. तसं असल्यास माझं निवृत्तिवेतन कुणाला जातंय याची चौकशी व्हावी. वाचनात चूक आहे. दुरुस्ती करावी, चूक कुणाची ते समासात लिहावं." सोबत स्वतःच्या विमा-कार्डाचा फोटो जोडला.

"निवृत्तिवेतनाचं काढायचं का?" तामाओने विचारलं.

"राहू दे. त्यांना एक तरी ओळ वाचावीशी वाटली पाहिजे."

शेवटचा रकाना होता: पात्राशी तुमचं नातं. खाली उघडणारी यादी. निर्माता. हक्कधारक. पालक. इतर. इतर निवडलं की पुढे लिहायला जागा.

"इतर करते आणि खेळाडू लिहिते."

"खेळाडू हे नातं नाही."

"मग काय लिहू? मोकळं सोडू?"

बापाने तिच्याकडे असं बघितलं की तिला सातवीतलं प्रगतिपुस्तक आठवलं.

"अडतीस वर्षं," ते म्हणाले. "नात्याचा रकाना मोकळा असलेला एकही अर्ज मी आत घेतला नाही. लोक भांडायचे. एकत्र राहतात पण लग्न नाही, काय लिहू? लिहायचं, पत्नी, नोंद बाकी. पाळलेलं पोर आहे, दत्तक नाही, काय लिहू? त्यालाही शब्द आहे. प्रत्येकाला शब्द असतो. माणसाला सुचत नाही, एवढंच. मी त्यांना बाकावर बसवायचो, सुचेपर्यंत."

आणि स्वतः बसले. दुपार गेली. तामाओने कारखान्यात फोन करून उशीर होईल म्हणून सांगितलं. हागा-सानने विचारलं, काय झालं, तर ही म्हणाली, बाबा बाकावर बसलेत. साडेतीनच्या सुमाराला त्यांनी लॅपटॉप आपल्याकडे ओढला आणि एका बोटाने लिहिलं. या वेळी तोंड फिरव म्हणाले नाहीत.

नातं: मी विचारलं आहे. तिने सांगायचं आहे.

तामाओने ते दोनदा वाचलं. पाठवायचं बटण त्यांनी स्वतः दाबलं.

तुमचं उत्तर एका मिनिटात आलं. फक्त निर्माता किंवा हक्कधारक यांच्या अर्जांचा विचार केला जातो. तुमच्या अभिप्रायाबद्दल आभार.

"खाली नाव आहे का कुणाचं?" बापाने विचारलं.

"नाही."

"शिक्का?"

"नाही हो."

"कारण?"

"हेच कारण. तुम्ही त्यांच्या यादीत नाही."

"मग हा नकार नाही," हिसानोबु म्हणाले. "खिडकीमागचा माणूस नाही म्हणाला तर नाव लिहून, कारण लिहून, शिक्का मारून म्हणतो. मीही म्हटलंय, कितीकदा. तोंडावर म्हटलंय. शिव्या खाल्ल्यात त्याबद्दल. हे काय आहे? हे कुणी म्हटलेलंच नाही."

तेव्हापासून ते रोज सकाळी दहाला पान उघडतात. रविवार सोडून. तोच अर्ज पुन्हा भरतात, नात्याच्या रकान्यात तेच लिहितात, वहीत तारीख घालतात आणि समोर लिहितात: उत्तर नाही. तामाओने तिचे सगळे खेळ गेले तीन आठवडे बंद ठेवलेत. तिला कुणाशी काही बोलावंसं वाटत नाही, मागे जाऊन वेगळं बोलावंसं तर अजिबात नाही. हिरुआन्दोनने आणखी दोन अर्ज केले, तिलाही तेच वाक्य आलं. नऊ मार्चला मिने-सान त्र्याऐंशीच्या झाल्या. त्या दिवशी रविवार होता, केंद्र चालू असतं तरी बंदच असतं.

आज बाविसावा दिवस. आठ दिवसांनी तुम्ही त्या एकोणऐंशी भेटी पुसाल, ओळीने तीस वेळा गप्प बसलेल्या माणसाच्या, आणि कुठल्याच समासात काही लिहिणार नाही.

मिने-सान हो म्हणतात की नाही, ते तुम्ही सांगू नका. ते तुमचं काम नव्हे. तुम्ही दोनच गोष्टी सांगायच्या आहेत. पान कोणत्या तारखेला उघडणार, आणि हे सांगणाऱ्याचं नाव काय?